भांगेच्या झाडाने चकवलेला शास्त्रज्ञ

फुलात दिसणाऱ्या पिवळ्या धुळीचे प्रयोजन काय, या प्रश्नाला पहिले प्रयोगसिद्ध उत्तर दिले ते जर्मनीतील ट्युबिंगेन या छोट्याशा विद्यापीठनगरीतील एका वैद्याने. रुडॉल्फ याकोब कामेरारियस हे त्यांचे नाव. वनस्पतींमध्येही नर आणि मादी असतात आणि परागकणांच्या संपर्काशिवाय बीज धरत नाही, हे त्यांनी १६९४ मध्ये एका पत्राद्वारे जगापुढे मांडले. आज शाळकरी मुलालाही ठाऊक असलेले हे सत्य त्या काळी धाडसाचे होते. त्याहून मोठे धाडस मात्र निराळेच होते. आपल्या सिद्धांताला तडा देणारा भांगेच्या झाडाचा प्रयोग त्यांनी लपवला नाही. फसलेला प्रयोग त्यांनी यशस्वी प्रयोगांच्या शेजारीच नोंदवून ठेवला. त्या नोंदीचा उलगडा व्हायला पुढे दोनशेहून अधिक वर्षे जावी लागली.

वैद्यकाचा वारसा

कामेरारियस यांचा जन्म १२ फेब्रुवारी १६६५ रोजी ट्युबिंगेन येथे झाला. नेकार नदीच्या काठी वसलेल्या या गावात १४७७ पासून विद्यापीठ होते. वडील एलियास रुडॉल्फ कामेरारियस हे तेथेच वैद्यकाचे प्राध्यापक होते. घरात ग्रंथ, औषधी आणि रुग्णांचा राबता असे. मुलानेही तोच मार्ग धरला. तत्त्वज्ञान आणि वैद्यक यांचे शिक्षण घेतल्यावर १६८५ ते १६८७ या काळात त्यांनी जर्मनीतील अन्य प्रांत, हॉलंड, इंग्लंड, फ्रान्स आणि इटली असा प्रवास केला. युरोपातील नामवंत विद्यापीठे आणि वनस्पतिउद्याने पाहून ते मायदेशी परतले आणि १६८७ मध्ये त्यांना वैद्यकाची पदवी मिळाली.

त्या काळी वनस्पतिशास्त्र हा स्वतंत्र विषय नव्हता. औषधे झाडपाल्यापासूनच होत असल्याने वैद्याला वनस्पतींची ओळख अनिवार्य होती आणि विद्यापीठातील औषधी बाग वैद्यक विभागाच्या ताब्यात असे. ट्युबिंगेनला याबाबतीत थोर परंपरा होती. सोळाव्या शतकातील ख्यातनाम वनस्पतिज्ञ लेओनहार्ट फुक्स यांनी याच विद्यापीठात अध्यापन केले होते. १६८८ मध्ये ही बाग अवघ्या तेवीस वर्षांच्या कामेरारियस यांच्या हाती आली. त्याच वर्षाच्या अखेरीस फ्रेंच फौजा वुर्टेंबर्ग प्रांतात घुसल्या. पुढील अनेक वर्षे हा प्रदेश युद्धाच्या छायेत होता. परागकणांचा हा सगळा अभ्यास अशा अस्थिर दिवसांत झाला. १६८९ मध्ये त्यांच्याकडे निसर्गविज्ञानाचे अध्यापन आले, तर १६९५ मध्ये वडिलांच्या निधनानंतर विद्यापीठातील त्यांचे प्राध्यापकपदही त्यांच्याकडे आले.

धुळीचे कोडे

खजुराच्या झाडांत नर-मादी असतात आणि नराचा तुरा मादीवर झटकला की फळ चांगले धरते, हे पश्चिम आशियातील बागायतदारांना प्राचीन काळापासून माहीत होते. आपल्याकडे पपई लावणारा शेतकरीही नर झाड आणि मादी झाड असा भेद सहज करतो. परंतु व्यवहारातील हे ज्ञान सर्वच फुलझाडांना लागू असेल, असे विद्वानांना वाटत नव्हते. फुलातील पुंकेसर म्हणजे झाडाने नको असलेला मळ बाहेर टाकण्याची इंद्रिये, असा समज रूढ होता. फ्रान्सचे श्रेष्ठ वनस्पतिशास्त्रज्ञ तूर्नफोर यांचेही मत तेच होते. इंग्लंडच्या नेहेमाया ग्रू यांनी १६८२ मध्ये आपल्या ग्रंथात पुंकेसर हे नराचे इंद्रिय असावे, असे म्हटले. जॉन रे यांनीही त्याला सावधपणे दुजोरा दिला. मात्र हा सारा तर्क होता. तो कसाला लावून पाहण्याचे काम कोणी हाती घेतले नव्हते.

कामेरारियस यांना पहिला धागा मिळाला तो तुतीच्या झाडापासून. जवळपास नर झाड नसताना तुतीच्या एका मादी झाडाला फळे लागलेली त्यांनी पाहिली. फळे दिसायला व्यवस्थित होती, पण त्यांतील बिया पोकळ निघाल्या. कोंबड्याच्या संगाशिवाय घातलेले अंडे उबवले तरी त्यातून पिलू निघत नाही, तशीच या बियांची गत होती. १६९१ मध्ये त्यांनी हे निरीक्षण प्रसिद्ध केले आणि मग एकेक वनस्पती पद्धतशीरपणे तपासायला घेतली.

मर्क्युरियालिस या तणाची दोन मादी रोपे त्यांनी कुंडीत लावून नर रोपांपासून दूर ठेवली. रोपे जोमाने वाढली, फळेही धरली. परंतु बिया सुकून गेल्या. एरंडावर नर फुले आणि मादी फुले एकाच झाडावर असतात. तेथे त्यांनी नर फुलांच्या कळ्या उमलण्याआधीच खुडून टाकल्या. मागे राहिली ती रिकामी टरफले. मक्याच्या कोवळ्या कणसांचे केस त्यांनी कापून टाकले, तेव्हा त्या कणसांत दाणे भरलेच नाहीत. परागकोश काढला काय किंवा परागकण स्वीकारणारा भाग काढला काय, परिणाम एकच होता. या दोहोंचा संयोग झाल्याशिवाय बीज तयार होत नाही, असा निष्कर्ष त्यांनी काढला.

२५ ऑगस्ट १६९४ रोजी त्यांनी हे सारे एका दीर्घ लॅटिन पत्रात लिहून गिसेन येथील प्राध्यापक मिखाएल बेर्नहार्ड वालेंतिनी यांना पाठवले. वनस्पतींच्या लिंगभेदाविषयीचे पत्र म्हणून ते पुढे विज्ञानाच्या इतिहासात अमर झाले. बहुतेक फुलांत नर व मादी अशी दोन्ही इंद्रिये एकत्र नांदतात, हे त्यात त्यांनी स्पष्ट केले. गोगलगायीतही दोन्ही लिंगे एकत्र असतात, पण ती स्वतःचे फलन स्वतः करीत नाही. मग फुले ते कसे करतात, असे आश्चर्यही त्यांनी व्यक्त केले.

भांगेची अडचण

या यशस्वी प्रयोगांच्या मालिकेत एक काटा सलत होता. तो काटा म्हणजे भांगेचे झाड. ताग किंवा अंबाडी नव्हे, तर ज्याच्यापासून युरोपात दोरखंड आणि जहाजांच्या शिडांचे कापड होई आणि भारतात भांग व गांजा निघे, ती ही वनस्पती. तिच्यात नर आणि मादी झाडे सहसा वेगवेगळी असतात. त्यामुळे परागकणांची परीक्षा घेण्यासाठी याहून सोयीची वनस्पती नाही, असे कोणालाही वाटावे. जर्मन शेतकऱ्यांनी तर या झाडांची नावे उलटी ठेवली होती. नर झाड अंगाने किरकोळ असते आणि परागकण झडले की लवकर वाळते. म्हणून त्यालाच ते मादीवाचक नावाने ओळखत.

कामेरारियस यांनी शेतातील भांगेची तीन मादी रोपे उपटून बागेत आणून लावली. नर जवळ नसल्याने बी धरायला नको होते. प्रत्यक्षात भरपूर बी धरले आणि ते सकसही निघाले. कामेरारियस चिडले. शेतात असतानाच रोपांवर परागकण पडले असावेत किंवा ते वाऱ्याने आले असावेत, अशी शंका त्यांना आली. म्हणून पुढच्या वेळी त्यांनी अधिक दक्षता घेतली. बंदिस्त जागेत, कुंडीतच बी पेरले. त्यातून तीन नर आणि तीन मादी रोपे वर आली. नर रोपे फुलण्याआधीच कापून टाकण्यात आली. आता तरी निकाल स्वच्छ लागावा, अशी अपेक्षा होती. परंतु मादी रोपांवर बऱ्याच पोकळ बियांबरोबर काही भरलेल्या बियाही आढळल्या.

येथे त्यांच्यापुढे दोन वाटा होत्या. तुती, एरंड आणि मका यांनी कौल दिलेलाच होता. भांगेचा प्रयोग वगळून पत्र लिहिले असते, तर ट्युबिंगेनच्या बागेत येऊन कोणी जाब विचारणार नव्हते. सिद्धांत अधिक नेटका दिसला असता. कामेरारियस यांनी तसे केले नाही. हा प्रयोग त्यांनी जसा घडला तसा लिहिला. नर रोपे आपण स्वतः कापली नव्हती, इतरांनी कापली, हा बारकावाही सोडला नाही. मक्याच्या एका प्रयोगात काही दाणे भरले होते, तेही त्यांनी सांगितले. सिद्धांतावरचा विश्वास त्यांनी सोडला नाही आणि त्यासाठी पुराव्याला मुरडही घातली नाही.

या प्रामाणिकपणाची किंमत सिद्धांताला मोजावी लागली. पुढील शतकभर परागकणांचे महत्त्व नाकारणाऱ्यांच्या हाती भांग हे आवडते शस्त्र राहिले. प्राण्यांच्या फलनावर अजोड काम करणारे इटलीचे लाझारो स्पालान्झानी यांनीही भांगेची मादी झाडे वेगळी ठेवून पाहिली. त्यांनाही बी मिळाले आणि परागकणांशिवाय बीज होऊ शकते, अशा निष्कर्षाला ते पोहोचले.

झाड लिंग बदलते तेव्हा

भांगेच्या या वागण्याचे कारण विसाव्या शतकात उमगले. भांगेत लिंग ठरवणारी गुणसूत्रे माणसाप्रमाणेच एक्स आणि वाय अशी असतात. पण ती अंतिम शब्द उच्चारत नाहीत. परिस्थिती बदलली की मादी झाडावर मधूनच नर फुले उमलतात. दाट फुलोऱ्यात लपलेले असे एखादे फूल साध्या डोळ्यांना सहज चुकते. पण त्यातील परागकण आसपासच्या अनेक फुलांत बी धरायला पुरेसे ठरतात. वाऱ्याचा भागही उपेक्षणीय नाही. भांगेचे परागकण हलके असतात आणि विपुल प्रमाणात हवेत सुटतात. उत्तर आफ्रिकेतील भांगेचे परागकण समुद्र ओलांडून दक्षिण स्पेनमधील मालागा शहराच्या हवेत आल्याचे १९९० च्या दशकात आढळले. मग शेजारच्या शेतातून ट्युबिंगेनच्या बागेत ते आले, तर नवल कसले? बागेतील झाडांना बहुधा वाऱ्याने दगा दिला आणि बंदिस्त कुंडीतील झाडांना त्यांच्याच अंगच्या फुलांनी, असे आजच्या ज्ञानावरून म्हणता येते.

वाढीच्या परिस्थितीत सर्वांत प्रभावी घटक ठरला तो प्रकाश. भांग ही दिवस लहान होऊ लागले की फुलणारी वनस्पती आहे. फ्रान्सच्या ज्युलियन तुर्न्वा यांनी पहिल्या महायुद्धापूर्वी हॉप्स आणि भांग यांच्यावर प्रयोग करून दिवसाच्या लांबीचा फुलण्याशी संबंध दाखवला. अमेरिकेत ओहायो येथील जॉन शॅफनर यांनी १९२० च्या दशकात हिवाळ्यात काचगृहात भांग वाढवली. अपुऱ्या प्रकाशात नर झाडावर मादी फुले आणि मादी झाडावर नर फुले येतात, हे त्यांनी पुनःपुन्हा दाखवून दिले. बंदिस्त जागेतील कुंडी म्हणजे अशाच बदललेल्या परिस्थितीचे एक लहान उदाहरण होय.

पुढचा टप्पा संप्रेरकांचा. नाशिक-सांगलीकडचे द्राक्षबागायतदार ज्याला जी.ए. म्हणतात, ते जिबरेलिक आम्ल भांगेच्या मादी झाडावर फवारले तर त्यावर नर फुले येतात. उलट इथिलीन वायू सोडणारे इथ्रेलसारखे द्रव्य नर झाडावर मादी फुले आणते. या दोन्ही गोष्टींवर दिल्ली विद्यापीठातील एच. वाय. मोहन राम आणि त्यांचे सहकारी यांनी १९७० च्या सुमारास पायाभूत काम केले. सोव्हिएत संघातील मिखाईल चाइलाख्यान आणि व्हिक्टर ख्र्यानिन यांनी १९७८ मध्ये त्यामागचे अंतर्गत कारण शोधले. रोपाची मुळे काढत राहिल्यास बहुतेक रोपे नर होतात आणि पाने काढत राहिल्यास बहुतेक मादी होतात, असे त्यांना आढळले. मुळांत तयार होणारे सायटोकायनिन मादीपणाकडे आणि पानांत तयार होणारे जिबरेलिन नरपणाकडे झुकवते, असा त्याचा अर्थ.

चांदीच्या क्षारांची कथा आणखी उद्बोधक आहे. चांदी इथिलीनचा परिणाम रोखते. सिल्व्हर नायट्रेट किंवा सिल्व्हर थायोसल्फेट मादी झाडाला दिले की त्यावर नर फुले येतात. त्या फुलांतील परागकण फलनक्षम असतात, हे १९८२ मध्ये मोहन राम यांच्याच प्रयोगशाळेने दाखवले. मादी झाडाजवळ वाय गुणसूत्र नसल्यामुळे अशा परागकणांतून पुढे केवळ मादी रोपे देणारे बी मिळते. जगभरातील भांगेच्या बियाण्याचा मोठा व्यवसाय आज या तत्त्वावर उभा आहे. मात्र उत्तेजक द्रव्य दिले म्हणजे परागकण उत्तम मिळतीलच, असे नाही. पाच वाणांच्या मादी झाडांवर चांदीच्या साहाय्याने आणलेल्या नर फुलांचा एक अमेरिकी अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. परागकणांचे रूप आणि त्यांचे रुजणे वाणागणिक बदलते, असे त्यात दिसून आले.

या अभ्यासाला भारतीय शेतीची एक जुनी किनारही आहे. मादी झाडाच्या परागकण न मिळालेल्या फुलोऱ्यापासून गांजा तयार होतो. बी धरले की त्याची प्रत उतरते. म्हणून ब्रिटिश राजवटीत बंगालमधील नौगाव आणि मध्य प्रांतातील खांडवा या भागांत नर झाडे फुलण्याआधी ओळखून उपटण्यासाठी खास जाणकार माणसे लावली जात. १८९३-९४ च्या भारतीय भांग-गांजा आयोगाने या पद्धतीची नोंद घेतली आहे. जो प्रयोग कामेरारियस यांनी एका कुंडीत केला, तोच येथील शेतकरी व्यवहाराची गरज म्हणून संपूर्ण शेतात करीत होता.

उपेक्षा आणि गौरव

पत्र प्रसिद्ध झाले तरी कामेरारियस यांच्या वाट्याला तत्काळ कीर्ती आली नाही. दूरच्या विद्यापीठातील प्राध्यापकाने सहकाऱ्याला लिहिलेले पत्र किती जणांच्या हाती पडणार? त्याच १६९४ साली तूर्नफोर यांचा वनस्पतिशास्त्रावरील मोठा ग्रंथ पॅरिसहून निघाला आणि विद्वानांचे लक्ष तिकडेच राहिले. १७१७ मध्ये सेबास्त्यें व्हेयां यांनी पॅरिसच्या राजोद्यानात फुलांच्या लिंगभेदावर व्याख्यान दिले, तेव्हा हा विषय खऱ्या अर्थाने चर्चेत आला.

कामेरारियस रुग्ण, विद्यार्थी आणि बाग यांतच गढलेले राहिले. क्षयाने त्यांचे शरीर पोखरले. ११ सप्टेंबर १७२१ रोजी ट्युबिंगेन येथेच त्यांचे निधन झाले. त्या वेळी त्यांचे वय ५६ होते.

१७३५ मध्ये लिनियस यांनी पुंकेसर आणि स्त्रीकेसर यांच्या संख्येवर आधारलेले वनस्पतींचे वर्गीकरण मांडले. नर आणि मादी झाडे वेगळी असलेल्या वनस्पतींचा त्यात एक स्वतंत्र वर्ग होता आणि भांगेला त्यात स्थान मिळाले. सायबेरियाच्या मोहिमेवरून परतलेले योहान गेओर्ग ग्मेलिन ट्युबिंगेनला प्राध्यापक झाले आणि त्यांनी १७४९ मध्ये कामेरारियस यांचे विस्मृतीत गेलेले पत्र पुन्हा छापले. पत्राच्या लेखकाला जाऊन तेव्हा २८ वर्षे झाली होती.

त्या पत्रात कामेरारियस यांनी एक प्रश्न पुढच्या पिढ्यांसाठी ठेवून दिला होता. भांगेच्या मादी फुलाला हॉप्सच्या नराचे परागकण लावले तर बी धरेल काय, आणि धरलेच तर त्यातून येणारे रोप कितपत वेगळे असेल, असा तो प्रश्न. भांग आणि हॉप्स या दोन वनस्पती आज एकाच कुळात गणल्या जातात. तेव्हा प्रश्न विचारताना निवडलेली जोडीही किती मार्मिक होती, हे लक्षात येते. ट्युबिंगेनमध्येच शिकलेल्या योसेफ कोएल्रॉयटर यांनी १७६० मध्ये तंबाखूच्या दोन जातींचा संकर करून या प्रश्नाचे एक उत्तर दिले. आजचे संकरित बियाणे याच वाटेने आले. परागनलिका प्रत्यक्ष दिसायला मात्र १८२० चे दशक उजाडावे लागले. इटलीच्या जोव्हानी बात्तिस्ता आमिची यांना ती सूक्ष्मदर्शकाखाली प्रथम दिसली.

कामेरारियस यांच्याजवळ असा सूक्ष्मदर्शक नव्हता आणि संप्रेरके किंवा गुणसूत्रे हे शब्दही जन्मले नव्हते. त्यांच्याजवळ होत्या काही कुंड्या, एक कात्री आणि जे दिसले तेच लिहिण्याची सवय. तुती आणि एरंड यांनी त्यांना कीर्ती मिळवून दिली. भांगेने त्यांना चकवले. तरीही त्यांनी तिची साक्ष कागदावर राहू दिली. त्या कुंडीत भरलेल्या मूठभर बियांचा खुलासा करण्यासाठी पुढे प्रकाशाचा, संप्रेरकांचा आणि गुणसूत्रांचा अभ्यास कामी आला. तीनशेहून अधिक वर्षांपूर्वीच्या त्या नोंदीत आज चूक सापडत नाही, ती एवढ्याचसाठी की ती नोंद करणाऱ्याने तिला सोयीचे रूप दिले नव्हते.